शोशोनी कन्या साकागाविया

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कोणा ना कोणा थोर स्त्रीचे चरित्र यावे अशी आपली इच्छा असते. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या कथा आपण वाचल्या आणि मुलींनाही वाचून दाखवल्या. या वेळी मी सातासमुद्रापलीकडची एक स्त्री निवडली आहे. ती राणी नव्हती. तिने लढाई केली नाही की शाळा काढली नाही. अमेरिकेतील शोशोनी नावाच्या आदिवासी जमातीत ती जन्मली, बालपणीच पळवली गेली, आणि पुढे पाठीवर तान्हे मूल घेऊन हजारो मैलांची वाट चालली. तिचे नाव साकागाविया.

तिच्या हातचे एक अक्षरही मागे राहिलेले नाही. तिच्याविषयी जे कळते ते बहुतेक सारे तिच्याबरोबर प्रवास करणाऱ्या पुरुषांच्या रोजनिशांतून कळते. त्यांनी तिचे नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले, आणि पुष्कळदा तर नाव न लिहिता नुसती दुभाष्याची बायको म्हणूनच तिचा उल्लेख केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण बाईचे काम कसे असते आणि ते हिशेबातून कसे निसटते, हे समजायला सातवी पुष्कळ झाली. तेवढ्या समजुतीवर मी हे चरित्र सांगत आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाचा प्रचंड पर्वत उत्तर-दक्षिण पसरला आहे. त्याच्या खोऱ्यांतून आणि पलीकडच्या कोरड्या माळावर, म्हणजे आजच्या आयडाहो, वायोमिंग, यूटा आणि नेवाडा या राज्यांत, शोशोनी लोक राहत. सारी जमात एके ठिकाणी नसे. टोळ्याटोळ्यांनी ते ऋतुमानाप्रमाणे फिरत, आणि जी टोळी जे अन्न मुख्यत्वे खाई त्यावरून तिला नाव पडे. साकागावियाची टोळी लेम्ही नदीच्या खोऱ्यातली, साल्मन मासा खाणाऱ्यांची. नदीला मासे आले की ते धरावे, बायकांनी टोकदार काठीने कंद खणावे, ते सुकवून साठवावे, आणि मग पर्वत ओलांडून पूर्वेच्या माळावर रानगव्यांच्या शिकारीस जावे, असा त्यांचा क्रम असे. त्यांच्याजवळ घोडे चांगले होते, पण बंदुका जवळजवळ नव्हत्याच. पूर्वेकडच्या जमातींना गोऱ्या व्यापाऱ्यांकडून बंदुका मिळू लागल्या, तसे शोशोनी लोकांना माळावर उतरणे कठीण झाले. उतरावे तर जिवाचे भय, न उतरावे तर उपासमार. अशा दिवसांत १७८८ च्या सुमारास या मुलीचा जन्म झाला.

ती बारा वर्षांची असेल. तिची टोळी पर्वत उतरून, जेथे तीन नद्या एकत्र येऊन मिसुरी नदी होते, त्या जागी तळ देऊन होती. तेथे हिदात्सा जमातीच्या बंदूकधारी टोळीने हल्ला केला. पुरुष, बायका आणि मुलगेही मारले गेले. ही पोर नदी ओलांडून पळत होती. पाण्याच्या मध्यावर तिला पकडले. शेकडो मैल पूर्वेला, आजच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या हिदात्सांच्या गावी तिला नेले. एका दिवसात माहेर सुटले. तेही आपल्यासारखे ओटी भरून नव्हे, तर आपल्या माणसांची प्रेते मागे टाकून.

पुढे तुसाँ शार्बोनो नावाच्या फ्रेंच-कॅनडियन व्यापाऱ्याने तिला बायको म्हणून घेतले. कोणी म्हणतात विकत घेतले, कोणी म्हणतात जुगारात जिंकले. तिची इच्छा काय होती असे विचारल्याचे मात्र कोणीच म्हणत नाही. शार्बोनो तिच्याहून वयाने पुष्कळ मोठा होता आणि त्याच्या घरात आणखी एक शोशोनी बायको आधीच होती.

याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८०३ साली फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख दीड कोट डॉलरना घेतला. त्या मुलखात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या जमातींना या व्यवहाराची वार्ताही नव्हती. त्या मुलखाची व त्यापलीकडे पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधण्यासाठी जेफरसन यांनी मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या दोन कप्तानांना पाठवले. १८०४ च्या मे महिन्यात मंडळी निघाली आणि हिवाळ्यासाठी हिदात्सांच्या गावांजवळ लाकडी कोट बांधून राहिली. पुढे पर्वत लागणार, तेथे होड्या चालणार नाहीत, घोडे लागतील, आणि घोडे आहेत शोशोनींजवळ, हे त्यांना कळले. शोशोनी भाषा येणारे माणूस हवे होते. म्हणून त्यांनी शार्बोनोला दुभाष्या म्हणून नोकरीस घेतले. शार्बोनोला शोशोनी भाषा येत नव्हती. ती येत होती त्याच्या बायकोला. नोकरी मात्र लागली त्याला.

११ फेब्रुवारी १८०५ रोजी त्या लाकडी कोटात ती बाळंत झाली. पहिलटकरीण, वेणा फार लांबल्या. तेव्हा शेपटी वाजवणाऱ्या सापाच्या शेपटीचे मणके चुरून पाण्यातून देण्याचा उपाय कोणी सुचवला, आणि लुईसने तसे दिले. थोड्याच वेळात मुलगा झाला. औषधाने झाला की वेळ भरली म्हणून झाला, याची शंका लुईसलाही होतीच. मुलाचे नाव झाँ बातिस्त. क्लार्क त्याला लाडाने पॉम्प म्हणे.

७ एप्रिलला मंडळी पश्चिमेकडे निघाली. तेहतीस माणसे, त्यांत बाई ही एकटी. बाळ पंचावन्न दिवसांचे. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला वाऱ्यालाही उभे करीत नाहीत. हिने मूल पाठीशी बांधले आणि होडीत पाय ठेवला. तिसऱ्याच दिवशी तळ पडल्यावर ती काठी घेऊन वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगांपाशी गेली. उंदीर आपल्या बिळांत कंद साठवून ठेवतात हे तिला ठाऊक होते. ती साठवण काठीने उकरून तिने पुष्कळ कंद आणले. पुढेही वाटेत कंद, बोरे, पाला यांची तिने अशीच भर घातली. नुसत्या मांसावर राहणाऱ्या त्या पुरुषांना या भाजीपाल्याचा किती आधार झाला असेल, ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

१४ मे रोजी मोठाच प्रसंग आला. कागदपत्रे, यंत्रे, औषधे ज्या होडीत होती तिचे सुकाणू शार्बोनोच्या हाती होते. एकाएकी वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडली आणि पाणी भरू लागले. शार्बोनोला पोहता येत नव्हते. तो गर्भगळित होऊन देवाचा धावा करू लागला. होडीतल्या दुसऱ्या एका माणसाने दरडावून त्याला सुकाणू धरायला लावले. साकागाविया मागच्या बाजूला होती. तिच्याजवळ तीन महिन्यांचे मूल. अशाही स्थितीत तिने पाण्यावर तरंगून चाललेल्या बहुतेक वस्तू एकेक करून पकडल्या. लुईसने तिच्या धैर्याची रोजनिशीत वाखाणणी केली आणि काही दिवसांनी एका नदीला तिचे नाव दिले.

जूनमध्ये मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ ती फार आजारी पडली. जगते की मरते अशी अवस्था झाली. लुईसला तिची दया आली, तशी मोहिमेची काळजीही वाटली, कारण घोड्यांची सारी बोलणी तिच्या जिभेवर अवलंबून होती. गंधकाच्या झऱ्याचे पाणी पाजल्यावर तिला उतार पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस गारांच्या पावसात एका घळीत आसरा घेतला असता वरून पाण्याचा लोंढा आला. मूल छातीशी धरून ती आणि मागून तिला वर ढकलणारा क्लार्क थोडक्यात बचावले. मुलाचे कपडे वाहून गेले, मूल राहिले.

जुलैच्या अखेरीस मंडळी त्या तीन नद्यांच्या संगमाशी आली. ज्या जागी तिला पळवले, त्याच जागी तळ पडला. तिने ती जागा दाखवली आणि काय घडले ते सांगितले. त्या दिवशी लुईसने लिहिले की, तिच्या चेहऱ्यावर त्या आठवणीचे दुःख दिसले नाही की आपल्या देशी परत आल्याचा आनंद दिसला नाही. पोटाला अन्न आणि अंगावर चार मणी असले की ही कोठेही सुखी राहील.

भगिनींनो, हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. लुईस वाईट माणूस नव्हता, पण त्याला बाईचे गप्प राहणे वाचता आले नाही. परक्या घरी, परक्या माणसांत, ज्यांच्या हाती आपले आणि मुलाचे अन्न आहे त्यांच्यासमोर बाई रडत नाही. ती कामाला लागते. तिला दुःख नसते म्हणून नव्हे, तर रडण्याजोगी जागा नसते म्हणून. ती जागा मिळाल्यावर काय झाले ते त्याच मोहिमेच्या कागदांत आहे.

१७ ऑगस्ट १८०५. सकाळी क्लार्कबरोबर चालत असता ती एकाएकी नाचू लागली. समोरून शोशोनी लोक येत होते. तिने बोटे तोंडात घालून चोखण्याची खूण केली, म्हणजे हे माझ्या अंगावरच्या दुधाचे लोक. तळाशी पोहोचताच गर्दीतून एक तरुणी धावत आली आणि दोघी गळ्यात गळा घालून भेटल्या. हल्ल्याच्या दिवशी तीही पकडली गेली होती, पण कैदेतून निसटून घरी परतली होती.

नंतर बोलणी करण्यासाठी तिला बोलावले. शोशोनींचा नायक कॅमियावेट तेथे बसला होता. ती बसली, दुभाष्याचे काम सुरू करणार, तोच तिने त्याला ओळखले. तो तिचा भाऊ होता. ती उठली, धावत जाऊन त्याला मिठी मारली, आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि रडली. मग पुन्हा आपल्या जागी येऊन तिने काम सुरू केले. पण बोलताना मधून मधून तिचा कंठ दाटून येत राहिला. घरची बरीचशी माणसे निवर्तल्याचे तिला तेथेच कळले. दोन भाऊ आणि थोरल्या बहिणीचा एक पोरका मुलगा उरला होता. त्या मुलाला तिने तेथल्या तेथे आपला म्हटले. तीन आठवड्यांपूर्वी जिला दुःख नाही असे लिहिले गेले, ती ही.

बोलणी कशी चालली तेही पाहण्यासारखे आहे. शोशोनींचे बोलणे साकागाविया हिदात्सा भाषेत सांगे, ते शार्बोनो फ्रेंचमध्ये सांगे, आणि मोहिमेतला एकजण ते इंग्रजीत कप्तानांना सांगे. अशा माळेतून घोड्यांचा सौदा झाला.

याच सुमारास तिच्यासमोर जो पेच उभा राहिला तो मला तिच्या साऱ्या चरित्रात अवघड वाटतो. शोशोनी उपाशी होते. कप्तानांचे सामान पर्वतापार नेण्याचे वचन कॅमियावेटने दिले होते, पण लोकांची भूक पाहून त्याने तळावर निरोप धाडला की, सारे निघा, शिकारीसाठी माळावर उतरू. तसे झाले असते तर कप्तान सामानासह वाटेतच अडकले असते. ही बातमी साकागावियाला कळली आणि तिने ती नवऱ्याला सांगितली. त्याने ती दुपारी सहज बोलता बोलता लुईसला सांगितली. उशीर केल्याबद्दल लुईस त्याच्यावर रागावला. त्याने नायकांना बोलावून वचनाची आठवण दिली. कॅमियावेटने आपली चूक मान्य केली. लोक उपाशी म्हणून आपण असे केले, पण शब्द पाळू, असे त्याने सांगितले आणि पाळलाही. मोहिमेला सुमारे २९ घोडे मिळाले. बदल्यात व्यापारी येतील, बंदुका मिळतील, अशी आशा कप्तानांनी दाखवली.

एकीकडे पाच वर्षांनी भेटलेला भाऊ आणि त्याची भुकेली माणसे, दुसरीकडे जिथे नवरा नोकरीस आहे ती मंडळी. तिने भावाशी वैर केले असे मला वाटत नाही. भावाने दिलेला शब्द त्याच्याच हातून मोडू नये, असेही तिला वाटले असेल. सतरा वर्षांच्या मुलीवर केवढे हे ओझे! भावाकडे न राहता ती पुढे पश्चिमेला निघाली. परतताना, १८०६ च्या जुलैत, मंडळी त्या भेटीच्या जागी पुन्हा आली, तेव्हा तेथे शोशोनी कोणीच नव्हते. माहेरची भेट ती तेवढीच.

पर्वतातल्या हिमात मंडळींची उपासमार झाली, घोडे मारून खावे लागले. पुढे कोलंबिया नदीने समुद्राकडे जाताना नवनव्या जमाती भेटत. तेव्हा या बाईला आणि तिच्या पाठीवरच्या बाळाला पाहून लोकांची भीती जाई, कारण लढायला निघालेली टोळी बाईमूल बरोबर घेत नाही. क्लार्कने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. नुसत्या असण्याने तिने किती रक्तपात टाळला असेल, ते कोण मोजणार?

नोव्हेंबरमध्ये समुद्राजवळ हिवाळा कोठे काढावा याबद्दल सर्वांची मते घेतली, त्यांत तिचेही मत नोंदले गेले. जेथे पाणकंद भरपूर मिळतील तेथे राहावे, असे तिचे म्हणणे होते. बाईने आधी अन्नाचे पाहिले! त्याच महिन्यात कप्तानांना पाणमांजराच्या कातड्याचा एक झगा आवडला. विकणारा निळ्या मण्यांवाचून ऐकेना, तेव्हा तिच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा देऊन तो झगा घेतला. तिला बदली निळ्या कापडाचा कोट मिळाला. क्लार्क आजारी असता मुलासाठी जपून ठेवलेल्या पिठाच्या भाकरीचा तुकडा तिने त्याला दिला. तो भिजून थोडा आंबला होता, तरी कित्येक महिन्यांत भाकरी न मिळालेल्या क्लार्कने तो मोठ्या समाधानाने खाल्ला.

एकदाच तिने स्वतःसाठी काही मागितले. १८०६ च्या जानेवारीत किनाऱ्यावर प्रचंड देवमासा लागल्याची बातमी आली. चरबी आणायला पुरुष निघाले. इतक्या दुरून आलो, आता तो मासाही दिसतो आहे, तरी मला महासागर पाहू देत नाहीत हा अन्याय आहे, असे तिने सांगितले. तिला नेले. माशाचा तोवर नुसता सांगाडा उरला होता, क्लार्कच्या मापाने १०५ फूट लांब. पण समुद्र तिने पाहिला.

परतीच्या वाटेवर तिने क्लार्कला पर्वतातली योग्य खिंड दाखवली. एका उंच सुळक्याला क्लार्कने तिच्या मुलाचे नाव दिले. १४ ऑगस्ट १८०६ रोजी मंडळी हिदात्सांच्या गावी परतली. सोळा महिन्यांच्या कामाचे शार्बोनोला ५०० डॉलर आणि वर काही सेंट मिळाले. साकागावियाला काही मिळाले नाही. तुझ्या बायकोला आम्ही दिले त्याहून मोठे बक्षीस मिळायला हवे होते, असे क्लार्कने नंतर पत्रात लिहिले. आणि ते लिहिले शार्बोनोला.

मुलाला शिकवण्याची हौस क्लार्कने दाखवली होती. त्याप्रमाणे पुढे सेंट लुई येथे मुलगा त्याच्या हवाली करून आईबाप परतले. २० डिसेंबर १८१२ रोजी मिसुरीकाठच्या एका व्यापारी कोटातील कारकुनाने नोंद केली की, शार्बोनोची शोशोनी बायको तापाने वारली; वय सुमारे पंचवीस; मागे तान्ही मुलगी आहे. येथेही नाव नाही. ही साकागावियाच, असे बहुतेक इतिहासकार मानतात आणि क्लार्कनेही पुढे एका यादीत तिच्या नावापुढे मृत असे लिहिले आहे. पण वायोमिंगमधील विंड रिव्हर येथील शोशोनींत अशी कथा चालत आली आहे की, ती नवऱ्याला सोडून निघाली, फिरत फिरत आपल्या लोकांत आली आणि १८८४ पर्यंत जगली. तेथे तिच्या नावाची समाधीही आहे. इतिहास कागदावर चालतो. पण लेक घरी परत आली, अशी कथा माहेरच्यांनी जपली, यात नवल ते काय!

मुलगा झाँ बातिस्त मात्र खूप पुढे गेला. जर्मनीतील एका राजपुत्राबरोबर तो १८२३ साली युरोपात गेला, सहा वर्षे राहिला, भाषा शिकला, आणि परतून वाटाड्या झाला. १८६६ साली तो ऑरेगनमध्ये वारला.

तिच्या लोकांचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. ज्या वाटा तिने पाहिल्या त्यांच्यामागून व्यापारी, मग वसाहतवाले आणि सैन्य आले. २९ जानेवारी १८६३ रोजी बेअर नदीकाठी सैन्याने शोशोनींच्या दुसऱ्या एका शाखेचा तळ कापून काढला. शेकडो माणसे मेली, त्यांत बायकामुलेही होती. लेम्ही खोऱ्यातल्या शोशोनींना १८७५ साली थोडी राखीव जमीन मिळाली, तीही काढून घेऊन १९०७ मध्ये त्यांना दूर दक्षिणेला फोर्ट हॉलला नेऊन ठेवले. कॅमियावेटने शब्द पाळला होता. त्याच्या लोकांना दिलेला शब्द पाळला गेला नाही. या अन्यायाचा दोष पाठीवर मूल बांधून चालणाऱ्या मुलीच्या पदरात घालू नये. वाट दाखवणे निराळे आणि त्या वाटेने जाऊन घर बळकावणे निराळे.

साकागावियाचे नाव वर आणले ते मुख्यत्वे बायकांनी. १९०५ साली पोर्टलंड शहरातल्या बायकांनी वर्गणी जमवून तिचा पुतळा उभारला. त्या वेळी स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या वयोवृद्ध सुझन अँथनी तेथे आल्या होत्या. अमेरिकेत तेव्हा बहुतेक राज्यांत स्त्रियांना मत नव्हते; आणि शंभर वर्षांपूर्वी एका रानातल्या तळावर एका आदिवासी मुलीचे मत विचारले गेले होते! १९१० साली नॉर्थ डकोटातल्या महिला मंडळांनी आणि शाळेच्या मुलांनी पैसे जमवून बिस्मार्क येथे दुसरा पुतळा उभारला, पाठीवर बाळ असलेला. २००० साली अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्यावर ती आली, तीही बाळासह. तिचे चित्र कोणी काढले नव्हते, म्हणून चेहरा आजच्या एका शोशोनी तरुणीवरून घेतला. जिला एक डॉलरही मिळाला नाही, तिची मुद्रा डॉलरवर उमटली.

भगिनींनो, ही स्तुती व्हायला शंभर ते दोनशे वर्षे लागली, आणि तीही चारदोन पुरुषांनी रोजनिशी लिहिली म्हणून झाली. आपल्या घरांतल्या आज्या, आत्या, सुईणी, पाणी आणि सरपण वाहून संसार उभे करणाऱ्या बायका यांची रोजनिशी कोणी लिहिलेली नाही. आपल्या मंडळात लिहिता-वाचता येणाऱ्या आता पुष्कळ आहेत. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका वृद्ध बाईपाशी बसावे, तिचे माहेर कोणते, ती काय काय शिकली, तिने काय सोसले हे तिला विचारावे, आणि वहीत उतरून घ्यावे. आणि सर्वांत वर तिचे नाव लिहावे. अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढ्यावर भागवू नये.